वाट बघणारा खेळ

शोभा, मागच्या गुरुवारी मी तुझ्या नावानं खोटं बोलले.

तुझा तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. पाहुणे आपापल्या गावी गेले होते. बाहेरच्या खोलीत हे आणि तुझे मालक, भाऊजी, बसले होते. मी चहाचे कप उचलायला गेले तेव्हा हे म्हणत होते, "रेणूचं आता वर्षाच्या आत उरकून टाकू." तुला रीत ठाऊकच आहे. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. भालकीकडचं एक स्थळ ह्यांच्या डोळ्यासमोर होतं. मनात वाईट काही नव्हतं. आईविना पोरगी कलबुर्गीला हॉस्टेलात कशी राहील, तिचं बरं-वाईट कोण बघेल, असलाच घोर. भाऊजी खाली बघत मान हलवत होते. तुझी पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या नर्सिंगचं अजून दीड वर्ष राहिलंय.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शोभाला हे नको होतं. शिक्षण पुरं होईपर्यंत लग्नाचा विषय काढू नका म्हणून ती मला दवाखान्यात सांगितली."

मी कप परत खाली ठेवले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "जाणाऱ्या माणसाचा शब्द हाय म्हणल्यावर काय बोलायचं." आणि उठून बाहेर गेले.

तू तसं काही म्हणाली नव्हतीस. रेणूच्या लग्नाबद्दल तू माझ्याजवळ एक अक्षर काढलं नव्हतंस. जे तू मला खरोखर सांगितलं होतंस ते मी वेळेवर कुणाला सांगितलं नाही, आणि जे तू सांगितलंच नाहीस ते सगळ्यांसमोर सांगून बसले. म्हणून हे लिहायला घेतलंय. रेणूच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत.

कुठून सुरू करू? त्या खेळापासूनच करते. त्याच्याआधी आपण दोघी जावा होतो, एवढंच. बिदरच्या मैलूरमधल्या ह्या घरात एका भिंतीच्या अलीकडं मी आणि पलीकडं तू. तुझं शेजारच्या कोळारच्या गोदामातलं काम, सकाळची पाळी, दुपारी दोनला सुट्टी. माझं घर. तू बोलायचीस, मी व्हय-न्हाई म्हणायचे. वीस वर्षं तशीच गेली.

गोदामाच्या हापिसात नवीन कॉम्प्युटर आले, तेव्हा जुने कुणाला पाहिजेत तर न्या म्हणाले. तू एक जुन्या लुगड्यात गुंडाळून रिक्षातून आणलास. रेणूच्या अभ्यासाला होईल म्हणून. पण रेणू कलबुर्गीला गेली, तिचं सगळं मोबाईलवरच भागायला लागलं, आणि तो डबा तुझ्या खोलीत टेबलावर तसाच बसून राहिला. तू त्याच्यावरची धूळ तेवढी पुसायचीस. एक दिवस पुसता पुसता चालू केलास आणि भिंतीपलीकडून मला हाक मारलीस.

"अक्का, हिकडं ये लवकर! ह्याच्यात एक गाव हाय!"

मी पिठाच्या हातानं आले. खरंच गाव होतं. कौलारू घरं, नदी, डोंगर, हिरवं रान. सगळं मधाच्या पोळ्यासारख्या सहा कोनांच्या घरांत मांडलेलं. त्या घरांतून बोटाएवढी माणसं उभी. कुणाच्या हातात भाला, कुणाच्या हातात धनुष्य. एक पांढऱ्या झग्यातली बाई. एक झाडासारखा माणूस. एक जनावर असं, की वरून घार आणि खालून वाघ. आधी त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कुणीतरी तो खेळ आत ठेवला असणार. त्याचं नाव इंग्रजीत होतं, लांबलचक, तुलाही ते धड म्हणता येईना. आपण त्याला मोहोळ म्हणायला लागलो.

तू रेणूला फोन लावून नाव वाचून दाखवलंस. तिच्या हॉस्टेलात कुणीच ऐकलं नव्हतं. तू मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातही जाऊन आलीस. तो म्हणाला, "बाई, असला खेळ कोन खेळतंय आता? सगळे बंदुकीचे खेळतेत. काढून टाकू का?" तू तिथून जवळजवळ पळतच घरी आलीस. तुझं तोंड असं फुललं होतं, की मला वाटलं पगार वाढला.

"अक्का, हे कुणालाच ठाऊक न्हाई! आपल्या दोघींचंच हाय!"

मग तू मला शिकवायला बसलीस. आपल्या माणसांना एकेक करून हलवायचं. सगळी हलवून झाली की कोपऱ्यातलं बटण दाबायचं. मग समोरच्याचा डाव. तो त्याची माणसं हलवतो. मग परत आपला डाव. माउस धरताना माझा हात विळ्यावर असल्यासारखा आवळायचा. मी पहिला प्रश्न विचारला तो आठवतो का तुला?

"आपण लवकर न्हाई केलं तर?"

"तर काय न्हाई. थांबतंय."

"किती वेळ?"

"तू जा, भाकरी कर, भांडी घास, धुणं वाळत घालून ये. ते तिथंच बसून असतंय."

मला खरं वाटेना. मी उठून गेले, मुद्दाम दोन भाकरी करून आले. माणसं तिथल्या तिथं उभी होती. कुणी पुढं सरकलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं.

तुला तेव्हा कळलं नसेल मला काय वाटलं ते. मला कुणी काही विचारलं की उत्तर येतं, पण उशिरा येतं. शाळेत गुरुजी विचारायचे, माझ्या ओठापर्यंत उत्तर यायचं तोवर ते तिसऱ्या पोराकडं गेलेले असायचे. लग्न झाल्यावर सासूबाई विचारायच्या, आणि माझ्या गप्प राहण्यालाच हो समजून पुढं जायच्या. संध्याकाळी चुलीजवळ बसल्यावर मला सुचायचं, आपण हे म्हणायला पाहिजे होतं. आणि इथं एक यंत्र माझी वाट बघत बसलं होतं. नळाला पाणी यायच्या आधीचे दुपारचे दोन तास माझ्या जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी थांबायला लागले.

पहिल्या आठवड्यात तू माझी चूक पकडलीस. प्रत्येक नकाशाला डावांची गिनती असायची, इतक्या डावांत पलीकडच्या किल्ल्यापर्यंत पोचायचं. माझी माणसं कधीच पोचायची नाहीत. तू मागं उभी राहून बघत होतीस.

"अक्का, सरळ कामून जाईनास? एवढा वळसा घालून कुठं जायलीस?"

"मधी उभं पीक हाय की."

तू आधी माझ्या तोंडाकडं बघितलंस. मग खाली फरशीवरच बसलीस आणि पोट धरून हसलीस. "अगं माय, ते चितारलेलं पीक हाय! कुणाच्या बापाचं न्हाई!"

मला हसू आलं नाही. तू बिदरात वाढलेली. तुझ्या माहेरची मेंढरं आजोबाच्या वेळीच सुटली. माझा बाप शेवटपर्यंत मेंढरांमागं होता. चिंचोळीच्या रानापासून इकडं हुमनाबादपर्यंत आम्ही फिरायचो, चौथीनंतर माझी शाळा सुटली तीही त्यानंच. मेंढरांमागच्या पोरीला सगळ्यात आधी हेच शिकवतात, की उभ्या पिकात एक खूर पडता कामा नये. पडला तर शेतकरी काठी घेऊन येतो, आणि पुढच्या साली त्या गावात खतासाठी मेंढरं बसवू देत नाही. पन्नाशी जवळ आली तरी माझा हात त्या हिरव्या घरांवरून कुणाला नेईना.

मी हे तुला सांगितलं. एवढं सलग मी तुझ्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. तू हसायची थांबलीस. म्हणालीस, "बरं, तुझी माणसं बांधानं ने." आणि त्या दिवसापासून मी शेजारी बसलेली असले की तूही बांधानंच न्यायचीस. त्यापायी दोन नकाशे हरलीस. त्याबद्दल मी तुला काही बोलले नाही कधी. आज बोलते. तेवढं माझ्यासाठी कुणी हरलं नव्हतं.

लांडग्यांचा नकाशा मात्र तुला चार दिवस जिंकता येईना. समोरचे लोक लांडग्यांवर बसून यायचे. तू तगडी माणसं पुढं रांगेत लावायचीस, म्हातारा भालेवाला आणि पांढऱ्या झग्यातली बाई मागं. लांडगे रांगेला वळसा घालून मागून यायचे आणि आधी त्या दोघांना संपवायचे. पाचव्या दिवशी मला राहवेना.

"लांडगा समोरनं येत न्हाई, शोभा."

"मग कुठनं येतंय?"

"तो आधी बघतोय, मागं कोन राहायलंय."

तू उठून मला खुर्ची दिलीस. मी सगळ्यांची पाठ नदीला लावली. अशक्त मधे घेतले, तगडे दोन्ही बाजूंना. आणि चाल ठेवली ती सगळ्यात हळू चालणाऱ्याची. म्हातारा जेवढा सरकेल तेवढंच सगळे सरकतील. बाप असंच करायचा. लंगडं कोकरू ज्या चालीनं जाईल त्या चालीनं सगळी मेंढरं. तू मागून टोचत होतीस, "अगं, असं केलं तर पोचणार कवा?" शेवटच्या डावात पोचलो. एकही माणूस गमावला नाही.

तू अंगणात धावलीस. भाऊजी नुकतेच कामावरून येऊन पाय धूत होते. "ओ, ऐकलाव का? अक्का लांडग्यांना हरवली!"

भाऊजी म्हणाले, "व्हय का? मग राज्य-बिज्य मिळालं का न्हाई?" आणि त्या दिवसापासून मला सेनापती म्हणायला लागले. "सेनापती, कपभर चहा मिळंल का?" मी पदर तोंडाला लावून आत पळायचे. ह्यांना तेवढं रुचलं नाही. "ह्या वयात काय पोरखेळ लावलाव दोघींनी," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दारातून डोकावून हळूच विचारलं, "त्या घारीवाल्या जनावराचं काय झालं?"

दोन नकाशांच्या मधे इंग्रजीत मजकूर यायचा. तो तू वाचायचीस आणि मला गोष्ट सांगायचीस. एक गाव जळालंय, त्या गावची माणसं नवीन जागा शोधत निघालीत. म्हातारा भालेवाला वाट दाखवतो. पांढऱ्या झग्यातली बाई लढत नाही, पण तिच्याशेजारी जो उभा राहील त्याची जखम भरते.

"ही बाई बोलत न्हाई बघ," तू म्हणायचीस. "मुकी न्हाई. पण बोलत न्हाई. तिला सगळं दिसतंय मात्र."

"कामून बोलत न्हाई?"

"ते अजून आलं न्हाई. फुडच्या नकाशात येईल."

पुढच्या नकाशातही यायचं नाही. मी परत विचारायचे, तू परत पुढच्या नकाशावर ढकलायचीस.

आणि आपलं भांडण. ते तर मिटलंच नाही. तू म्हाताऱ्याला मुद्दाम एकट्याला पुढं उभं करायचीस, म्हणजे सगळे त्याच्यावर तुटून पडतील आणि बाकीचे निसटतील.

"एक गेला तर दहा वाचतेत, अक्का."

"त्याला इचारलीस का?"

"खेळातल्या माणसाला काय इचारायचं?"

"मग मला कामून इचारायलीस, करू का म्हणून?"

महिनाभर आपण ह्यावर भांडलो. एकदा तर खरंच अबोला धरलास. दोन दिवस तू तुझ्या दारानं गेलीस-आलीस आणि मी माझ्या. तिसऱ्या दिवशी अंगणातल्या भिंतीवरून वाटी पुढं आली, त्यात तुरीचं वरण होतं. पलीकडून आवाज आला, "म्हाताऱ्याला वाचवले. पण नकाशा हरले. आता खूश?"

माझीही खोड तुला ठाऊक होती. एका नकाशात माझी माणसं चारी बाजूंनी घेरली गेली. कसंही हलवलं तरी कुणीतरी जाणारच होतं. मी बटण दाबलंच नाही. तू रोज कामावरून आल्यावर बघायचीस, सगळे तिथंच उभे.

"अक्का, तू दाबली न्हाईस म्हणून ते माघारी जाणार हायेत का?"

"न्हाई."

"मग?"

"दोन रोज तर जगले."

तू टेबलाला धरून जराशी वाकलीस आणि म्हणालीस, पित्त झालंय. तेव्हापासूनच दुखत होतं ना तुला? मी शेजारी बसून त्या बोटाएवढ्या माणसांच्या जखमा बघत राहिले.

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ठाऊक नाही.

हैदराबादला दुसऱ्या दवाखान्यात होतो. तुझं पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. भाऊजी आणि हे औषधं आणायला खाली गेले होते. तू माझं मनगट धरलंस.

"अक्का, मला घरी न्या. आता बास. मी सांगितले तर ते रडतेत, आन् परत नवीन डॉक्टर हुडकतेत. तू सांग. तू कधी बोलत न्हाईस, तू बोललीस तर ऐकतेत."

मी म्हणाले, "बघू."

"बघू न्हाई. मला इचारलं का कुणी, मला काय पाहिजे ते?"

माझंच बोलणं होतं ते. तू माझ्याकडं बघत होतीस आणि मी खिडकीकडं.

अकरा दिवस लागले मला. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. तेवढ्यात भाऊजी कुठल्यातरी नव्या डॉक्टरचं नाव ऐकून यायचे. त्यांचं तोंड बघितलं की माझी जीभ आत जायची. उद्या, म्हणायचे. ह्या अकरा दिवसांत तुला नळ्या लागल्या, तुझं खाणं सुटलं, तुझा आवाज बसला. मी मनात म्हणत होते, आपण मागं कुणाला सोडत नसतो, शोभाला कसं सोडायचं. खरं तर तू सोडा म्हणत नव्हतीस. घरी न्या म्हणत होतीस. दोन्हीतला फरक मला कळत होता, पण न कळल्यासारखं करणं सोपं होतं.

बाराव्या दिवशी दवाखान्याच्या लांब बोळात मी भाऊजींपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तिला घरी न्यायचंय." त्यांनी वाद घातला नाही. भिंतीला टेकून खाली बसले फक्त.

घरी तू पाच दिवस राहिलीस. सोळा राहिली असतीस. अकरा मी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या ओठांना पाणी लावत होते, तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालीस, "सेनापती, उशीर केलीस." तोंडावर थोडं हसू होतं. ती चेष्टा होती की तक्रार होती, शोभा? मी विचारायला पाहिजे होतं. मी पाणी लावत राहिले. मला वाटायचं, त्या खेळानं मला बिघडवलं. सगळं आपल्यासाठी थांबतं असं वाटायला लावलं. पण तसं नाही. मी आधीपासूनच अशी होते. मला त्याची शिक्षा न देणारा तो खेळ पहिलाच, एवढंच.

तुझ्या दहाव्यानंतर रेणू तुझे फोटो शोधायला म्हणून कॉम्प्युटरसमोर बसली, आणि खेळ उघडला. मी तिला पांढऱ्या झग्यातली बाई दाखवली. म्हणाले, हिच्याबद्दल काय लिहिलंय तेवढं वाच, ती बोलत कामून न्हाई ते. तिनं बराच वेळ शोधलं.

"मोठीआई, हिच्याबद्दल काहीच न्हाई. ही नुसती दवा करणारी हाय. असल्या पाहिजे तितक्या घेता येतेत."

"आन् ते जळालेलं गाव?"

"कुठलं जळालेलं गाव? हे तर एका राजाच्या पोराचं हाय. त्याला गादी पाहिजे म्हणून लढायलाय."

म्हणजे तुलाही ते इंग्रजी कळत नव्हतं. किंवा कळलं होतं आणि राजाच्या पोराची गोष्ट तुला आवडली नव्हती. दोन वर्षं तू मला तुझ्याच मनातली गोष्ट सांगत होतीस, ती बाईही तुझ्याच मनातली. तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. रेणू घाबरून माझ्याकडं बघत राहिली. ती बाई का बोलत नाही, ते तू पुढच्या नकाशावर ढकलत होतीस, कारण त्याचं उत्तर तुझ्याकडंही नव्हतं.

आता गुरुवारचं.

हे उठून बाहेर गेल्यावर रेणू माझ्यामागं मोरीजवळ आली. तिचं तोंड उजळलं होतं. "मोठीआई, आई खरंच म्हणली तसं?"

ह्यांच्याशी खोटं बोलता आलं, तिच्याशी येईना.

"न्हाई. मी म्हणले."

तिचं तोंड माझ्यासमोर उतरलं. "मला वाटलं, जाता जाता तरी आईला कळलं, मला काय पाहिजे ते." मग ती बराच वेळ कप विसळत राहिली. विसळलेलेच परत विसळत होती. "मला पुरं करायचंय, मोठीआई. पण आईचं नाव घेऊन नको. ती जे बोलली न्हाई त्याच्यावर मी दीड वर्ष कशी शिकू?"

एका खोट्यानं मी पोरीचं लग्न थांबवलं होतं, आणि तिला घटकाभर आई परत दिली होती. ती परत काढूनही मीच घेतली. आता खरं सांगायचं तर लग्न परत उभं राहणार. तुझ्या नावावर सगळे गप्प बसले होते. माझ्या नावावर कोण बसणार होतं?

ह्या वेळी मी अकरा दिवस लावले नाहीत. शुक्रवारी सकाळी भाऊजींच्या दारात गेले. ते भाकरी थापायला शिकायलेत, शोभा. तव्यावरची एका बाजूनं काळी झाली होती. मी उंबऱ्यातूनच बोलले.

"भाऊजी, शोभा तसं म्हणली नव्हती. ते मी माझ्या मनचं म्हणले."

त्यांनी भाकरी उलटली. "ठाऊक हाय, वहिनी."

"कसं?"

"ती मला रोज म्हणायची, येत्या वैशाखात रेणूचं लग्न करा, माझ्या डोळ्यांनी बघू द्या. दवाखान्यात बी तेच म्हणायली."

म्हणजे मी तुझ्या नावानं नुसतं खोटं बोलले नव्हते. तुझ्या इच्छेच्या उलटं बोलले होते.

"मग तुम्ही गप कामून बसलाव?"

"तुम्ही बोललाव म्हणून." त्यांनी तवा खाली उतरवला. "दवाखान्यात बी तुम्हीच बोललाव. ते बोलायचं काम माझं होतं. ती माझी बायको होती. मला बी दिसायलं होतं सगळं, पण मी डॉक्टरांची नावं आणत बसलो. तवाच ठरवलो, वहिनी बोलल्या की ऐकायचं."

अकरा दिवस मी एकटीच गप्प होते असं मला वाटत होतं. तो माणूसही तिथंच, त्याच बोळात, तसाच उभा होता.

"दादाला मी सांगतो," ते म्हणाले.

"न्हाई. मी सांगते."

ह्यांना जेवताना सांगितलं. "म्हणजे तो शोभाचा शब्द न्हाई?"

"न्हाई. माझा हाय."

"तुझा?" एवढंच म्हणाले आणि जेवायला लागले. मी समोरून उठले नाही. वाढायचं निमित्तही केलं नाही, तशीच बसून राहिले. ताटात हात धुऊन झाले, तेव्हा म्हणाले, "तुझा शब्द हाय तर मग पोरीचं बरं-वाईट तूच बघायचं. भालकीकरांना काय सांगायचं ते बी."

"बघते," मी म्हणाले.

शनिवारी ह्यांच्या फोनवरून भालकीला मीच बोलले. तिकडच्या बाई म्हणाल्या, मग तीन वर्षं थांबावं लागेल, आम्ही थांबणार न्हाई. मी म्हणाले, नका थांबू. सोमवारी रेणू कलबुर्गीला गेली. तू वैशाखाचं म्हणत होतीस, हे मी तिला सांगितलं नाही. कधी सांगेन तेही ठाऊक नाही. त्याच्यावर मी अजून विचार करतेय.

तुला मात्र सगळं सांगितलं. तू लग्नाचं माझ्याजवळ कधीच का काढलं नाहीस, तेही मला आता कळतंय. मी नको म्हणाले असते, आणि तुझ्याकडं भांडायला ताकद राहिली नव्हती. पोरीला हळद लागलेली बघून डोळे मिटावेत असं तुला वाटत होतं. त्यात चूक काय होतं? काहीच नाही. ते तुला मिळालं नाही. आता मी ते पुरं होऊ दिलं नाही, तेही तुझंच नाव पुढं करून. माफी मागत नाही, शोभा. परत वेळ आली तर परत हेच म्हणेन, फक्त पहिल्यापासून माझ्या नावानं म्हणेन.

तुला हे पटणार नाही. तू कमरेवर हात ठेवून म्हणशील, अक्का, तू कोन माझ्या पोरीचं ठरवणारी? म्हण. जेवढं भांडायचं असेल तेवढं भांड. आता मी तिथल्या तिथं उत्तर देईन.